बायोप्सीत ‘ग्रेड १’, शस्त्रक्रियेनंतर ‘स्टेज ३’: दोन्ही एकाच वेळी खरे कसे?

प्रश्न: रेवातीर

नमस्कार. माझ्या वडिलांच्या (वय ६४) उजव्या गालाच्या आत न भरणारी जखम झाली होती. चुना लावलेली तंबाखू त्याच बाजूला धरून ठेवण्याची त्यांना कित्येक वर्षांची सवय होती. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘वेल डिफरन्शिएटेड स्क्वेमस सेल कार्सिनोमा, ग्रेड १’ असे आले, तेव्हा आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. ग्रेड १ म्हणजे आजाराची पहिली पायरी, असाच अर्थ आम्ही लावला होता.

त्यानंतर शस्त्रक्रिया झाली. गालाचा भाग आणि मानेतील लिम्फ नोड (लसीकाग्रंथी) काढले. अंतिम रिपोर्टमधील मुख्य नोंदी अशा आहेत: गाठीचा सर्वांत मोठा व्यास २.६ सें.मी.; डेप्थ ऑफ इन्व्हेजन ८ मि.मी.; सर्व मार्जिन मोकळ्या, सर्वांत जवळची ७ मि.मी.वर, तपासलेल्या ३४ नोडपैकी एकात गाठीच्या पेशी आढळल्या, तो नोड १.४ सें.मी.चा, एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन दिसत नाही. शेवटी ‘पीटी२ पीएन१, एजेसीसी आठवी आवृत्ती’ असे लिहिले आहे. ग्रेड याही रिपोर्टमध्ये १ च आहे. डॉक्टरांनी मात्र हा आजार ‘स्टेज ३’ असल्याचे सांगितले आणि पुढील उपचार ट्यूमर बोर्डात (वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीत) ठरतील असे म्हणाले.

उपचारांबद्दल मला येथे विचारायचे नाही; त्यासाठी आमचे डॉक्टर आहेत. मला समजून घ्यायचे आहे ते हे वर्गीकरण. एकच गाठ ग्रेड १ आणि स्टेज ३ कशी असू शकते? कार्सिनोमा, सार्कोमा, अडेनोमा ही नावे कशावरून ठरतात? आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहून एखादी गाठ साधी की कॅन्सरची, हे कोणत्या खुणांवरून ओळखतात? वडील स्वतः निवृत्त शिक्षक आहेत आणि रिपोर्टमधील प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत असतात. त्यांना वरवरचे उत्तर देऊन भागणार नाही.

उत्तर: सूक्ष्मदर्शी

रेवातीर, तुम्ही सर्व आकडे दिले आहेत, त्यामुळे उत्तर नेमकेपणाने देता येईल. मी विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवतो आणि रोज स्लाइड पाहतो, त्यामुळे माझे बोलणे तेवढ्यापुरतेच राहील.

गाठीचा रिपोर्ट तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतो. गाठ कोणत्या ऊतीपासून निघाली, तिच्या पेशी त्या मूळ ऊतीपासून किती भरकटल्या आणि ती शरीरात कुठवर पोचली. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’ हे पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे, ‘ग्रेड १’ हे दुसऱ्याचे आणि ‘पीटी२ पीएन१’ हे तिसऱ्याचे. घरोघरी गोंधळ होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात, कारण दोन्ही ठिकाणी १, २, ३ असेच आकडे लिहिले जातात.

आधी नावांविषयी. अर्बुद म्हणजे एकाच पेशीच्या जनुकांत एकामागून एक बदल साचत जाऊन तिच्या वंशजांनी शरीराच्या नियंत्रणाबाहेर केलेली वाढ. शरीराचे बाहेरचे आवरण आणि आतील पोकळ्यांचे अस्तर ज्या ऊतीचे असते, त्या अभिस्तर ऊतीपासून निघालेल्या मारक अर्बुदाला कार्सिनोमा म्हणतात. त्यातही पेशी त्वचेसारख्या चपट्या थरांच्या असतील तर स्क्वेमस सेल कार्सिनोमा आणि ग्रंथी तयार करणाऱ्या असतील तर अडेनोकार्सिनोमा. चरबी, स्नायू, हाड, कूर्चा अशा आधार देणाऱ्या ऊतींच्या मारक अर्बुदांना सार्कोमा म्हणतात. सौम्य अर्बुदांच्या नावांत ऊतीचे नाव आणि शेवटी ‘ओमा’ एवढेच असते. चरबीचा लायपोमा, ग्रंथीचा अडेनोमा. या नियमाला ठळक अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. मेलॅनोमा, लिम्फोमा आणि सेमिनोमा ही नावे सौम्य वाटली तरी तिन्ही मारक आहेत. उलट ग्रॅन्युलोमा हे अर्बुदच नव्हे, ती दाहाची प्रतिक्रिया आहे. क्षयरोगात ती नेहमी दिसते.

आता सौम्य आणि मारक यांतील भेद. सौम्य गाठ जागच्या जागी वाढते, पुष्कळदा तिच्याभोवती तंतूंचे वेष्टन असते आणि ती आजूबाजूच्या ऊतींना बाजूला सारते. मारक गाठ त्या ऊतींत घुसते आणि रक्तवाहिन्या किंवा लसीकावाहिन्यांत शिरून दूर जाऊन रुजते. सूक्ष्मदर्शकाखाली आम्ही काय पाहतो, तर पेशींची केंद्रके आकाराने एकसारखी आहेत की लहानमोठी, पेशीच्या मानाने केंद्रक किती मोठे झाले आहे, रंग किती गडद घेतला आहे, विभाजन होत असलेल्या पेशी किती दिसतात आणि त्यांत विकृत विभाजने आहेत का. या सर्व खुणांना वजन आहे, पण केवळ पेशींच्या चेहऱ्यावर विसंबून निदान करू नये, हे मी विद्यार्थ्यांना पहिल्या तासालाच सांगतो. नोड्युलर फॅसाइटिस नावाची एक गाठ काही आठवड्यांतच झपाट्याने वाढते, तिच्यात विभाजन होणाऱ्या पेशींची रेलचेल असते, पाहणाऱ्याला सार्कोमाचा संशय येतो आणि तरीही ती पूर्ण सौम्य असून पुष्कळदा आपोआप जिरते. याच्या नेमके उलट उदाहरण तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडातच सापडते. अमेरिकेतील विकृतितज्ज्ञ लॉरेन अॅकरमन यांनी १९४८ मध्ये वर्णन केलेल्या व्हेरुकस कार्सिनोमात पेशी इतक्या नीटनेटक्या दिसतात, की वरवरचा तुकडा पाहून कोणीही ‘साधा चामखिळीसारखा बदल’ असे लिहून बसेल. ती गाठ खाली रुंद आघाडीने दाबत जात असते आणि तो दाब दिसण्यासाठी बायोप्सीचा तुकडा पुरेसा खोल घ्यावा लागतो.

मग निर्णायक खूण कोणती? अभिस्तराच्या गाठींत ती बहुधा आक्रमण हीच असते, आणि ते ज्या रेषेवर ठरते ती मी थोडी सविस्तर सांगतो, कारण वडिलांचा सारा रिपोर्ट त्या रेषेभोवती फिरतो. गालाच्या आतल्या अस्तरात पेशींचे अनेक थर असतात आणि सर्वांत खालचा थर एका अतिशय पातळ पटलावर बसलेला असतो. त्याला बेसमेंट मेम्ब्रेन म्हणतात. या पटलाच्या वर, म्हणजे अस्तरात, रक्तवाहिन्याही नसतात आणि लसीकावाहिन्याही नसतात. त्या पटलाखालच्या संयोजी ऊतीत असतात. त्यामुळे पेशी कितीही बिघडल्या, तरी त्या पटलाच्या वर आहेत तोवर त्यांना दूर जाण्याचा मार्गच नसतो. बिघाड अस्तराच्या खालच्या भागापुरता असेल तर त्याला सौम्य डिस्प्लेजिया, वर वर चढत गेला तर मध्यम आणि तीव्र डिस्प्लेजिया, आणि पूर्ण जाडी व्यापली तर कार्सिनोमा इन सिटू म्हणतात. तंबाखू धरण्याच्या जागी पडणाऱ्या पांढऱ्या चट्ट्याची बायोप्सी करतात ती हेच पाहण्यासाठी. प्रत्येक डिस्प्लेजियाचा कॅन्सर होत नाही. सौम्य डिस्प्लेजिया सवय सुटल्यावर मागेही फिरू शकतो. पटल ओलांडून पेशींचे पुंजके खाली उतरले, की मात्र तो आक्रमक कार्सिनोमा झाला.

ग्रेड म्हणजे या खाली उतरलेल्या पेशींना आपल्या कुळाचे काम किती आठवते, याची नोंद. स्क्वेमस पेशींचे काम केराटिन तयार करण्याचे. वेल डिफरन्शिएटेड गाठीच्या स्लाइडवर पेशींच्या बेटांच्या मध्यभागी गर्द गुलाबी केराटिनची एकात एक वर्तुळे दिसतात, त्यांना केराटिन पर्ल म्हणतात. शेजारशेजारच्या पेशींना जोडणारे बारीक पूलही स्पष्ट दिसतात. मध्यम प्रतीच्या गाठीत केराटिन तुरळक असते. पूअरली डिफरन्शिएटेड गाठीत ते जवळजवळ नसतेच आणि ही पेशी मुळात स्क्वेमस आहे हे सिद्ध करायला पी४० सारखे विशेष रंजन करावे लागते. असे श्रेणीकरण १९२० मध्ये मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कॅन्सरसाठी मांडले. शंभर वर्षे झाली तरी ते टिकून आहे, पण तोंडाच्या कॅन्सरमध्ये एकट्या ग्रेडवरून रुग्णाचे पुढे काय होईल याचा अंदाज फार बेताचाच बांधता येतो, हेही तितकेच खरे.

स्टेज हा पूर्णपणे वेगळा हिशेब आहे. त्यासाठीची टीएनएम पद्धत फ्रान्सचे शल्यचिकित्सक प्येर दन्वा यांनी १९४३ ते १९५२ या काळात घडवली. त्यात टी म्हणजे मूळ गाठ, एन म्हणजे जवळचे लिम्फ नोड आणि एम म्हणजे दूरचा प्रसार. आधी लावलेला ‘पी’ सांगतो, की हे शस्त्रक्रियेत काढलेली ऊती तपासून ठरवले आहे. रिपोर्टमधील ‘एजेसीसी’ ही या पद्धतीचे नियम आवृत्त्यांच्या रूपाने प्रसिद्ध करणारी अमेरिकेतील समिती. तोंडाच्या कॅन्सरसाठी तिच्या आठव्या आवृत्तीत आकाराच्या जोडीला खोलीही धरली जाते. ही खोली म्हणजे गाठीची जाडी नव्हे. शेजारच्या निरोगी अस्तराच्या बेसमेंट मेम्ब्रेनची पातळी धरायची आणि तिथून गाठीच्या सर्वांत खोल टोकापर्यंत लंब टाकायचा. वर फुगलेला भाग त्यात मोजत नाहीत, आणि व्रण पडून खड्डा झाला असेल तर तो खड्डा वजाही करत नाहीत. व्यास २ ते ४ सें.मी. आणि खोली १० मि.मी.पर्यंत असेल तर टी२. म्हणून तुमचे २.६ सें.मी. आणि ८ मि.मी. टी२ मध्ये बसतात. त्याच बाजूचा एकच नोड, ३ सें.मी.च्या आतला आणि गाठ नोडच्या वेष्टनाबाहेर न पडलेली, हे झाले एन१. टी१ ते टी३ यांपैकी काहीही असले आणि सोबत एन१ असले, की ती स्टेज ३. नोडमध्ये पेशी नसत्या, तर हीच गाठ स्टेज २ ठरली असती.

‘एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन दिसत नाही’ या ओळीचे मोलही वडिलांना सांगा. तोच १.४ सें.मी.चा नोड, पण गाठीने त्याचे वेष्टन फोडलेले असते, तर नोंद पीएन२ए झाली असती आणि स्टेज ४ए. आकारात एका मिलिमीटरचाही फरक न पडता हा फरक पडतो.

तेव्हा ग्रेड १ आणि स्टेज ३ यांत विसंगती नाही. आपल्या कुळाचे काम चांगले सांभाळणाऱ्या पेशी लसीकावाहिनीतून एका नोडपर्यंत पोचल्या, एवढेच ही दोन उत्तरे मिळून सांगतात.

उत्तर: पॅराफिन

वरील उत्तराला प्रयोगशाळेच्या बाजूने थोडी जोड देतो. मी हिस्टोपॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ आहे. रिपोर्टमधील ‘७ मि.मी.’ किंवा ‘८ मि.मी.’ हे आकडे कोठून येतात, हे रुग्णाच्या घरच्यांना सहसा कोणी सांगत नाही.

शस्त्रक्रियेत काढलेला भाग ताबडतोब १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, आणि फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान दहापट हवे. ते ऊतीत साधारण तासाला एक मिलिमीटर एवढ्याच वेगाने शिरते, म्हणून मोठा भाग रात्रभर तरी ठेवावाच लागतो. कधी कधी बाहेरच्या लहान दवाखान्यांतून तुकडा सलाइनमध्ये घालून येतो. सलाइनमुळे पेशी टिकत नाहीत. केंद्रके फुगतात, विरतात आणि मग कितीही निष्णात डॉक्टर स्लाइडपुढे बसले तरी त्यांच्या हाती काही लागत नाही. ज्यांच्या घरात कोणाची बायोप्सी होणार असेल, त्यांनी बरणीत काय भरले आहे हे विचारण्यात मुळीच संकोच करू नये.

त्यानंतर ग्रॉसिंग होते. डॉक्टर नमुन्याच्या कडांना वेगवेगळ्या रंगांची शाई लावतात, सर्जनने बांधलेल्या टाक्यांवरून वरची, खालची, पुढची, मागची बाजू ओळखतात आणि मग काप घेतात. ती शाई पुढच्या सर्व प्रक्रियेत टिकते आणि स्लाइडवर काठाला रंगाची रेघ म्हणून दिसते. गाठीच्या शेवटच्या पेशीपासून त्या रेघेपर्यंतचे अंतर म्हणजे मार्जिन. गाठ शाईपर्यंत आलेली असेल तर मार्जिन मोकळी नाही. तोंडाच्या गाठीत ५ मि.मी. किंवा अधिक अंतर असल्यास मार्जिन सुरक्षित मानण्याची रीत आहे. ऊती कापल्यावर आणि फॉर्मॅलिनमध्ये आकसते, त्यामुळे सर्जनने प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत सोडलेले अंतर रिपोर्टमधल्या अंतरापेक्षा जास्त असते, हे लक्षात असू द्यावे.

मानेच्या चरबीतून लिम्फ नोड एकेक करून बोटांनी चाचपून शोधावे लागतात. तुमच्या रिपोर्टमध्ये ३४ नोडची संख्या आहे, यावरून मानेतील नोड नीट काढले गेले आणि नमुन्यात ते चिकाटीने शोधले गेले, हे दोन्ही समजते. पुढे अल्कोहोल, झायलीन आणि वितळलेले पॅराफिन अशा क्रमाने ऊतीतील पाणी काढून तिचा मेणाचा ब्लॉक करतात, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिन यांनी रंगवतात. केंद्रके निळी-जांभळी होतात, पेशीद्रव आणि केराटिन गुलाबी. जबड्याचे हाड काढले असेल तर ते आम्लात ठेवून मऊ करावे लागते आणि त्यात कित्येक दिवस जातात. रिपोर्टला उशीर होतो तो पुष्कळदा या हाडामुळे.

उत्तर: शल्यनिवासी

सूक्ष्मदर्शी सरांच्या उत्तरातील एका विधानाला मला मर्यादा घालाविशी वाटते. ग्रेड आणि स्टेज हे वेगळे हिशेब आहेत, हे तोंडाच्या कॅन्सरपुरते अगदी बरोबर आहे, पण सर्व अवयवांना ते जसेच्या तसे लागू होत नाही. मऊ ऊतींच्या सार्कोमात ग्रेड हा स्टेज ठरवण्याचाच एक घटक आहे. हात किंवा पाय यांतली गाठ लहान असली आणि ग्रेड वरचा असला तर स्टेज बदलते. स्तनाच्या कॅन्सरसाठी आठव्या आवृत्तीत शरीररचनेवरची स्टेज आणि प्रॉग्नॉस्टिक (पुढे काय होईल याचा अंदाज देणारी) स्टेज अशा दोन नोंदी आहेत आणि दुसरीत ग्रेडबरोबर इस्ट्रोजेन रिसेप्टर, प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर आणि हर२ ही गाठीच्या पेशींतील प्रथिनेही धरली जातात. शिवाय ग्रेड काढण्याची रीतही प्रत्येक अवयवाची निराळी आहे. स्तनात नलिका किती बनल्या आहेत, केंद्रके किती बिघडली आहेत आणि विभाजने किती आहेत, या तिन्हींना १ ते ३ गुण देतात. बेरीज ३ ते ५ आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ तर ग्रेड २, ८ किंवा ९ तर ग्रेड ३. प्रोस्टेटमध्ये पेशींपेक्षा ग्रंथींची रचना पाहतात. १९६६ मध्ये डोनाल्ड ग्लीसन यांनी ती पद्धत मांडली. म्हणून ‘अमक्याचा ग्रेड २ होता आणि तो बरा झाला’ अशी तुलना एका अवयवाच्या रुग्णाची दुसऱ्या अवयवाच्या रुग्णाशी कधीच करू नये.

वर्गीकरणाने प्रत्यक्ष रुग्णाला काय मिळते, याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे उदाहरण जठर आणि आतड्याच्या भिंतीतील जिस्ट या गाठीचे आहे. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी दिसतात म्हणून तिला पूर्वी स्नायूची गाठ समजत आणि लायोमायोमा किंवा लायोमायोसार्कोमा म्हणत. त्या समजुतीने दिलेल्या केमोथेरपीचा जवळजवळ काहीच उपयोग होत नसे. १९९८ मध्ये जपानमधील संशोधकांनी या गाठींत किट नावाच्या जनुकातील बदल दाखवून दिला. तेव्हा ही निराळी गाठ असल्याचे उघड झाले आणि इमॅटिनिब या गोळीला पसरलेल्या जिस्टचे रुग्णही चांगला प्रतिसाद देऊ लागले. आज सीडी११७, म्हणजे किट प्रथिन, दाखवणाऱ्या रंजनाने ती ओळखता येते.

रेवातीर (मूळ प्रश्नकर्ती)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. सूक्ष्मदर्शी सरांचे उत्तर मी वडिलांना सावकाश वाचून दाखवले. बेसमेंट मेम्ब्रेनचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचायला लावला आणि ‘म्हणजे तो पांढरा चट्टा होता तेव्हाच दाखवायला हवे होते’ एवढेच म्हणाले.

आणखी एक शंका. माझ्या मावशीच्या थायरॉइडमध्ये गाठ आहे. सुईने तपासणी, म्हणजे एफएनएसी, केली तर ‘फॉलिक्युलर निओप्लाझम, बेथेस्डा ४’ (अशा तपासणीच्या निकालांच्या बेथेस्डा वर्गवारीतील चौथा वर्ग) असे आले. गाठ साधी आहे की कॅन्सरची हे अर्धा थायरॉइड काढल्यावरच कळेल, असे त्यांना सांगितले आहे. तंत्रज्ञान इतके पुढे गेलेले असताना सुईच्या तपासणीत हे का कळू नये? मावशींना वाटते, की डॉक्टर काहीतरी लपवत आहेत.

उत्तर: सूक्ष्मदर्शी

मावशींना निःशंकपणे सांगा, की डॉक्टरांनी त्यांना खरे तेच सांगितले आहे. फॉलिक्युलर अडेनोमा सौम्य आणि फॉलिक्युलर कार्सिनोमा मारक, पण दोहोंच्या पेशी सुट्या पाहिल्या तर हुबेहूब सारख्या असतात. भेद असतो तो गाठीच्या वेष्टनात. पेशींनी वेष्टन पूर्ण भेदले आहे किंवा वेष्टनातील रक्तवाहिनीत त्या शिरल्या आहेत, असे दिसले तर कार्सिनोमा, नाहीतर अडेनोमा. सुईतून पेशी येतात, वेष्टन येत नाही. म्हणून गाठ अखंड काढून तिच्या वेष्टनाचे शक्य तितके काप तपासावे लागतात. थायरॉइडच्या पॅपिलरी कार्सिनोमाची गोष्ट निराळी आहे. तो केंद्रकांच्या खुणांवरून ओळखता येतो, त्यामुळे त्याचे निदान सुईने बहुधा होते.

या निमित्ताने एक सांगतो. २०१६ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी थायरॉइडच्या एका प्रकारच्या गाठीच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला. तिला आता एनआयएफटीपी म्हणतात. केंद्रके पॅपिलरी कार्सिनोमासारखी, पण वेष्टन शाबूत आणि आक्रमण कुठेही नाही, अशी ही गाठ. ती पूर्ण काढलेल्या रुग्णांचा अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर दिसले, की आजार उलटत नाही. पूर्वी अशा रुग्णांचा संपूर्ण थायरॉइड काढून वर किरणोत्सारी आयोडीनही दिले जात असे. नाव बदलल्याने कितीतरी लोकांची त्या उपचारांतून सुटका झाली. हा निर्णय मला आमच्या शास्त्रातील अतिशय चांगल्या निर्णयांपैकी एक वाटतो.

शल्यनिवासी यांनी घातलेली मर्यादा योग्य आहे आणि ती मला मान्य आहे. तिला जोडून मेंदूचेही नाव घ्यावे लागेल. तेथे सौम्य-मारक ही विभागणी तोकडी पडते, कारण कवटीच्या आत सौम्य गाठही जागेच्या अडचणीमुळे जिवावर बेतू शकते. मेंदूच्या गाठींना टीएनएम लावत नाहीत; तेथे ग्रेडच दिला जातो, आणि २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो ठरवताना आयडीएचसारख्या जनुकांची तपासणी पेशींच्या रूपाइतकीच महत्त्वाची मानली आहे.

उत्तर: नोंदवही

मी कर्करोग नोंदणीचे काम करते. वरील सर्व वर्गीकरण शेवटी आमच्याकडे एका संकेतांकाच्या रूपात येते, म्हणून थोडे लिहिते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-ओ या पद्धतीत गाठीच्या प्रकाराला चार अंक असतात आणि तिरप्या रेघेनंतर एक अंक तिच्या वर्तनाचा असतो. शून्य म्हणजे सौम्य, एक म्हणजे वर्तन अनिश्चित, दोन म्हणजे इन सिटू आणि तीन म्हणजे आक्रमक मारक. स्क्वेमस सेल कार्सिनोमाचा संकेतांक ८०७०/३ आहे. हीच गाठ बेसमेंट मेम्ब्रेनच्या वर असताना सापडली असती तर ८०७०/२ झाली असती. सूक्ष्मदर्शी सरांनी सांगितलेली ती रेषा आमच्या नोंदीत या शेवटच्या अंकावर उमटते.

आपल्या राज्याचे या कामात जुने नाव आहे. लोकसंख्येवर आधारित देशातली पहिली कर्करोग नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली, आणि ग्रामीण भागासाठीची पहिली नोंदणी १९८७ मध्ये बार्शीला. त्याआधी परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात, १९४१ पासून, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राची प्रयोगशाळा उभी केली आणि तंबाखू व तोंडाचा कॅन्सर यांच्या संबंधावर काम केले. गाठीचा प्रकार, जागा आणि रुग्णाची सवय या तिन्ही नोंदी शेजारीशेजारी आल्या, तरच असा संबंध दिसतो. म्हणून रिपोर्टवर नुसते ‘कॅन्सर’ असे लिहून आले, की आम्ही तो परत पाठवून पूर्ण निदान मागतो.

रेवातीर

मावशींचा गैरसमज दूर झाला. त्या शस्त्रक्रियेला तयार आहेत. शेवटचे एक विचारते. वडिलांच्या स्लाइड दुसऱ्या रुग्णालयात दाखवायच्या झाल्या, तर काय मागावे?

उत्तर: पॅराफिन

रंगवलेल्या स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक, दोन्ही मागावेत. स्लाइडवरून निदान पुन्हा पाहता येते, पण नवे रंजन किंवा जनुकीय तपासणी करायची झाली तर ब्लॉकच लागतो. प्रयोगशाळेकडे लेखी अर्ज करावा. बहुतेक ठिकाणी पोचपावतीवर सही घेऊन देतात आणि काम झाल्यावर परत मागतात. ब्लॉक मेणाचे असल्याने उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नयेत. स्लाइड काचेच्या आहेत, त्या डब्यातच न्याव्यात. पहिल्या बायोप्सीच्या स्लाइडही सोबत घ्याव्यात, कारण तपासणारे डॉक्टर दोन्ही ताडून पाहतात. दोन्ही रिपोर्टच्या प्रती न विसरता न्याव्यात, कारण ब्लॉकवर रुग्णाचे नाव बहुधा नसते, पॅथॉलॉजी क्रमांक असतो, आणि तो रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो ना, हे ब्लॉक ताब्यात घेतानाच तपासून घ्यावे.